गोंगाट ऐकताना

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, विषय वैद्यकीय नसला तरी चालेल, असा संपादक मित्रांचा निरोप आला. परदेश प्रवासाचे वर्णन आणि मधुमेहींचा आहार हे दोन विषय यंदा कृपया नकोत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. त्यांच्या या उदारतेचा मी थोडा गैरफायदा घेणार आहे. गेली काही वर्षे मी जपानमधील एका चमत्कारिक प्रकारचे रॉक संगीत नियमाने ऐकतो आहे. जाणकार त्याला ‘सायकेडेलिक नॉइज रॉक’ म्हणतात. नॉइज म्हणजे गोंगाट. आरोपीने नावातच गुन्हा कबूल केलेला असल्यामुळे त्याची बाजू मांडणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. ‘सायकेडेलिक’ हा शब्द मात्र आपल्याच व्यवसायातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने, डॉ. हम्फ्री ऑस्मंड यांनी, १९५० च्या दशकात घडविला, एवढी तरी सोयरीक आपण मान्य करावी.

माझे कान तुम्हां सर्वांसारख्याच संस्कारांत वाढले. काचीगुड्याच्या आमच्या घरी वडिलांचा ग्रामोफोन होता आणि त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या लागत. नाट्यसंगीत, भावगीते, दिवाळी पहाट, आणि पंडित जसराजजींनी आपल्या वडिलांच्या व थोरल्या बंधूंच्या स्मरणार्थ अनेक वर्षे या शहरात भरविलेला संगीत समारोह, हे आमचे श्रवणविश्व. या विश्वाच्या कुंपणापलीकडे जे काही वाजत असे त्याला आमच्या घरात एकच शब्द होता, ‘आरडाओरडा’.

धाकटा चिरंजीव अभियांत्रिकीला असताना, सन २००४ च्या सुमारास, त्याच्या खोलीतून हा आरडाओरडा येऊ लागला. गिटारचा कर्कश चीत्कार, त्यामागे कुठेतरी ढोल बडवल्यासारखा आवाज, आणि हे सारे वीस-पंचवीस मिनिटे अखंड. आमच्या मातोश्री पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन कुकर पाहून आल्या. मी दार ठोठावले आणि म्हणालो, “हा काय गोंगाट लावला आहेस? आधी बंद कर.” त्याने बंद केले. मग शांतपणे म्हणाला, “बाबा, तुम्ही ऐकलंत कुठे? तुम्ही फक्त बंद कर म्हणालात.” मी त्यावर वडीलकीच्या आवाजात जे बोललो ते येथे देण्याजोगे नाही. त्यानंतर तो हेडफोन लावू लागला. घरात शांतता झाली, आणि ती आवश्यकतेपेक्षा थोडी जास्तच झाली.

त्याच वर्षीची एक हकिगत सांगणे मला भाग आहे. रुग्णाची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत, माझी चूक मात्र जशीच्या तशी आहे. मराठवाड्यातून उपचारासाठी हैदराबादेस येणारे रुग्ण आपणां सर्वांकडेच असतात. नांदेडकडची एक चाळिशीची बाई संध्याकाळच्या गर्दीत आली. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, रात्री उशाला डोकं टेकलं की कानात चक्की चालू होते. धस्स धस्स, धस्स धस्स. आमच्या गावातली पिठाची गिरणी जशी...” गिरणीचे नाव निघताच मी तिला थांबविले. बाहेर वीसजण बसले होते. कानातील आवाज ही कोणीही, कधीही, कशासाठीही करणारी तक्रार. मी चक्करेच्या गोळ्या आणि जीवनसत्त्वे लिहून दिली. तिच्या पापणीखाली पाहिलेसुद्धा नाही.

तीन महिन्यांनी ती परत आली ती दोन पायऱ्या चढताना धापा टाकत. हिमोग्लोबिन ४.८ निघाले. वर्षभर पाळीत अतिरक्तस्राव होत होता, आणि हे ती गिरणीनंतरच्या वाक्यात सांगणार होती. तीव्र रक्तक्षयात नाडीच्या ठोक्याबरोबर कानात असा आवाज येतो, हे आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. या खेपेस मी तिच्या मानेवर, कॉलरबोनच्या वर, स्टेथोस्कोप टेकवला आणि मला चक्की ऐकू आली. तिच्या मनाचा खेळ नव्हता तो. अशक्त रक्त मानेच्या शिरेतून वेगाने वाहत असल्याचा प्रत्यक्ष ध्वनी होता. “मी सांगत होते ना साहेब,” एवढेच ती म्हणाली. उपचारांनी ती बरी झाली, हे माझे नशीब.

बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन डॉक्टरांचा १९८४ मधील अभ्यास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रुग्ण आपली तक्रार मांडू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच अडवतो, असे त्यांना आढळले होते. माझ्या अंदाजाने मी त्या बाईला १० सेकंदसुद्धा दिले नव्हते.

ही चक्की आणि चिरंजीवांची गिटार यांचा संबंध माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला गेले. एका दिवाळीला घरी आले असताना रात्री गच्चीवर आम्ही दोघेच होतो. बोलण्यासारखे विशेष काही उरले नव्हते. मी म्हणालो, “ते तुझे जपानी ऐकव. या वेळी बंद कर म्हणणार नाही.” त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि हेडफोन माझ्या कानावर चढविला.

त्या रात्री ऐकलेल्या वाद्यवृंदाचे नाव ‘ले रालीझ देन्यूदे’. नाव फ्रेंच वळणाचे, माणसे जपानी. १९६७ साली क्योटो येथे, दोशिशा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो स्थापन केला. ताकाशी मिझुतानी हा त्याचा प्रमुख गिटारवादक आणि गायक. तो काळ जपानमधील विद्यार्थी चळवळींचा. या वृंदाचा सुरुवातीचा एक वादक, मोरिआकी वाकाबायाशी, ३१ मार्च १९७० रोजी जपानी विमानाचे अपहरण करून ते उत्तर कोरियात नेणाऱ्या गटात होता. मिझुतानी त्यानंतर हळूहळू लोकांच्या नजरेआड होत गेला. स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रण करण्याचा त्याला तिटकारा असावा. १९९१ मध्ये तीन अधिकृत सीडी निघाल्या, बाकी सारा संसार श्रोत्यांनी चोरून मुद्रित केलेल्या फितींवर चालला. २०१९ मध्ये तो वारला आणि ते जगाला कळले २०२१ मध्ये. कीर्तीच्या मागे धावणाऱ्या आपल्या काळात हे मला अद्भुत वाटते.

पहिली पाच मिनिटे मला जे ऐकू आले ते गच्चीवरच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसे होते. हात दोनदा हेडफोनकडे गेला. पण शब्द दिलेला होता. सातव्या-आठव्या मिनिटाला त्या गारांच्या खाली काहीतरी हलते आहे असे जाणवले. बेस गिटारवर चार-पाच स्वरांची एक अगदी साधी ओळ, एखाद्या हलक्याफुलक्या गाण्याची असावी तशी, न बदलता, न थकता फिरत होती. चिरंजीवांनी सांगितले की ती खरोखरच १९६० च्या दशकातील एका गाजलेल्या अमेरिकन गाण्यातून उचललेली आहे. ती एकदा सापडल्यावर वरच्या वादळाला आकार आला. कुठला चीत्कार त्या ओळीला बिलगतो, कुठला तिच्यापासून दूर पळतो, कुठे गिटार आणि ध्वनिवर्धक एकमेकांचाच आवाज पुन्हा पुन्हा गिळून ओरडू लागतात, हे वेगवेगळे ऐकू येऊ लागले.

हा अनुभव मला पूर्वी आला होता, आणि तो संगीताच्या मैफलीत नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षी प्रथमच हृदयावर स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा प्रत्येकाला काय ऐकू येते ते आठवून पाहावे. केवळ गोंधळ. शेजारचा पंखा, स्वतःचा श्वास, रुग्णाच्या अंगावरील केसांची खरखर. आमचे सर म्हणत, “प्रथम पहिला आणि दुसरा ध्वनी शोधा. ते सापडल्याशिवाय मर्मरच्या नादी लागू नका.” महिनाभर रोज कान लावल्यावर एके दिवशी त्या गोंधळातून झडपेची फुंकर स्वच्छ वेगळी झाली. रेने लाएनेक याने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली, तोपर्यंत ते सारे ध्वनी छातीत होतेच. नीट कान देऊन त्यांना वेगवेगळी नावे देणारा कोणी नव्हता. लाएनेक स्वतः बासरी वाजवीत असे, ही गोष्ट मला पूर्वी योगायोग वाटत असे. आता वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘गोंगाट’ हे पुष्कळदा ध्वनीचे वर्णन नसते, ऐकणे थांबविल्याची ती नोंद असते. इतरांना ही चैन परवडेल. ज्याचा चरितार्थच ऐकण्यावर चालतो त्या डॉक्टरला ती परवडत नाही, आणि बापालाही फारशी परवडत नाही.

यावर आमचे एक शल्यचिकित्सक मित्र म्हणाले, “म्हणजे आता संगीतचिकित्सेत जपानी गोंगाटाची भर का?” नाही. अमुक राग ऐकल्याने रक्तदाब उतरतो आणि तमुक ऐकल्याने साखर, या छापाच्या विधानांचा मला मनस्वी कंटाळा आहे. हे संगीत ऐकून कोणाचे काही बरे होते असा माझा दावा नाही. या प्रकारातील सारेच मला आवडते असेही नाही. मासामी आकिता हे गृहस्थ १९७९ पासून ‘मर्झबो’ या नावाने शुद्ध गोंगाट निर्माण करीत आहेत. २००० साली त्यांनी ५० सीडींचा एक संच काढला. मी त्यांचे ऐकणे दहा मिनिटांच्या पुढे नेऊ शकलेलो नाही. तेथे मला अद्याप पहिला व दुसरा ध्वनी सापडलेला नाही.

उलट काही ठिकाणी अनपेक्षितपणे घर सापडले. माकोतो कावाबाता या गिटारवादकाने १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ‘अ‍ॅसिड मदर्स टेंपल’ या वृंदाने २००१ मध्ये अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांची ‘इन सी’ ही १९६४ ची रचना आपल्या पद्धतीने वाजविली. ५३ लहान लहान स्वरवाक्ये, प्रत्येक वादकाने ती हवी तितका वेळ घोळवायची, असे तिचे स्वरूप. ऐकता ऐकता मला त्या धुमश्चक्रीच्या तळाशी तंबोरा असल्याचा भास होऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळले की रायली १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे किराणा घराणे! रायलींची ती रचना शिष्यत्वाच्या आधीची आहे, त्यामुळे माझा भास इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण एका स्वराला न कंटाळता सोबत करण्याची जी वृत्ती वडिलांच्या तबकड्यांनी मला दिली, तीच मला येथेही उपयोगी पडली, हे खरे.

जसराजजींची एक आठवण प्रसिद्ध आहे. हैदराबादेत लहानपणी शाळेच्या वाटेवर एका छोट्या हॉटेलात बेगम अख्तर यांची तबकडी वाजत असे. ती ऐकण्यासाठी ते बाहेर थांबत आणि शाळा बुडत असे. मेवाती घराण्यातील त्या मुलाला गझल ऐकू नकोस असे कोणी दटावले असते तर त्यात आश्चर्य नव्हते. आपल्या मुलांची असली हॉटेले कोठे आहेत, हे आपल्यापैकी किती पालकांना ठाऊक आहे? मला तर ते माझ्याच घरातील दाराआड असून ठाऊक नव्हते.

एक पथ्य मात्र डॉक्टर म्हणून सांगितलेच पाहिजे. या मैफलींत आवाज भयंकर असतो, आणि आतल्या कानातील केशपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. अभिरुची कितीही उदार असली तरी कॉक्लिया उदार नसते. ८५ डेसिबलला ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करीत जावे लागते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. म्हणून मी आवाज मधल्या खुणेच्या खालीच ठेवतो. तेवढ्याने मिझुतानींचे काही बिघडत नाही.

आणि येथे एक तक्रार. घरातील हेडफोनवर नापसंती दाखविणारे आपण, रुग्णालयाच्या खिडकीखालून जाणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे मूग गिळून बसतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते आणि तेथील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. लग्नाच्या वरातीला वा हुसेनसागराकडे निघालेल्या मिरवणुकीला हे कोणी सांगितल्याचे मी पाहिलेले नाही. मीही कधी सांगितलेले नाही. चिरंजीवांनी निदान दार लावून घेतले होते.

गेल्या वर्षी सौभाग्यवतींच्या आग्रहावरून मी ऑडिओग्राम काढून घेतला. उजव्या कानात ४००० हर्ट्झला छोटासा खड्डा निघाला. घरात तेव्हापासून तो जपानी खात्यावर टाकण्यात आला आहे. तो गिटारचा, की तीस वर्षे दवाखान्यासमोरून गेलेल्या वरातींचा, की आमच्या जुन्या जनरेटरचा, हे त्या कागदावरून ठरविता येत नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. चिरंजीव त्या वेळी येथेच असतील. सोबत येतो म्हणाले आहेत.