चार शब्दांचा एकच अर्थ कसा?

इंग्रजीचं कुठलंही गाइड उघडा. व्हिस्पर म्हणजे हळू बोलणे, मर्मर म्हणजे हळू बोलणे, मंबल म्हणजे हळू व अस्पष्ट बोलणे, आणि मटर म्हणजे पुन्हा हळू बोलणेच. पोरं हे पाठ करतात, जोड्या लावतात आणि गोष्ट वाचताना अडतात. चिडलेला म्हातारा आणि बाळाला निजवणारी आई, दोघंही नुसतं 'हळू' बोलतात, मग फरक काय? राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आली. शब्द शिकवायची आपली तऱ्हा मात्र अजून वहीच्या मधोमध रेघ मारून अलीकडे इंग्रजी, पलीकडे मराठी, अशीच आहे.

हे शब्द फळ्यावर नव्हे, गळ्यावर शिकवायचे असतात. मुलांना गळ्यावर बोटं ठेवून 'गाल' म्हणायला सांगा. बोटांना थरथर लागेल. आता तोच शब्द कुजबुजायला सांगा. थरथर थांबते, कारण स्वरतंतू कंपत नाहीत, नुसती हवा बाहेर पडते. हा झाला व्हिस्पर. मग एकाने कुजबुजत 'गाल' किंवा 'काल', 'दार' किंवा 'तार' म्हणावं आणि मागच्या बाकावरच्याने ओळखावं. हमखास घोटाळा होतो, कारण ग आणि क, द आणि त यांतला मुख्य फरक त्या थरथरीचाच असतो. वर्ग हसतो आणि व्हिस्पर कायमचा लक्षात राहतो.

बाकीचे तिन्ही म-पासून सुरू होतात, म्हणजे ओठ मिटूनच. मंबलमध्ये ओठ नीट उघडतच नाहीत. तोंडात भाकरीचा घास असताना बोलून दाखवा, झालं. मटरमध्ये कुरकुर असते. गृहपाठ दुप्पट दिला की वर्गात जे ऐकू येतं, आणि विचारलं की 'काही नाही सर' होतं, ते मटर. आपलं पुटपुटणं जवळचं, पण आपल्याकडे देवापुढे स्तोत्रही पुटपुटतात. मटरला ती भक्ती सहसा झेपत नाही. मर्मर त्यातला मवाळ, सलग वाहणारा. पण नाराज जमावाचाही मर्मर असतो, आणि डॉक्टर हृदयाच्या ठोक्यांतही मर्मर ऐकतात. एका शब्दाला एकच प्रतिशब्द देण्याचा हट्ट इथे सोडावा लागतो.

आपली मुलं या बाबतीत मुळीच गरीब नाहीत. कुजबूज, खुसफूस, भुणभुण, पिरपिर, वसकन अंगावर येणं, खेकसणं, डाफरणं, दरडावणं हे सगळं त्यांनी घरातच ऐकलेलं असतं. मोल्सवर्थच्या १८३१ आणि १८५७च्या कोशांतही अशा ध्वन्यनुकारी शब्दांची रेलचेल आहे. उमरग्याच्या सीमेवरच्या गावांत घरी कानडी बोलणारं पोर असेल, तर त्याला 'पिसुमातु' ठाऊक असतो. हिंदीत फुसफुसाना, तेलुगूत गुसगुस, आपल्याकडे खुसफूस, इंग्रजीत व्हिस्पर: स सगळीकडे आहे, कारण कंप गेला की श्वासाची सळसळच कानी पडते. हे मुलांनाच शोधू द्या.

खेळ हवा असेल तर तुळजापूर लांब नाही. गोंधळ्यांच्या करपल्लवीत कुणीतरी कानात नाव सांगतं, गोंधळी ते बोटांच्या खुणांनी दूरच्या साथीदाराला कळवतो आणि तो ते मोठ्याने जाहीर करतो. वर्गात बोटांऐवजी चिठ्ठी चालेल. पहिल्याने व्हिस्पर करावं, शेवटच्याने शाउट करावं आणि उरलेल्यांनी कोण कसं बोललं ते इंग्रजीत सांगावं. अप्रत्यक्ष कथनाचा धडाही त्यातच उरकतो.

एक सावधगिरी मात्र हवी. शब्द आले म्हणून निबंधातलं प्रत्येक पात्र कुजबुजायला किंवा किंचाळायला लागलं तर वाचवत नाही. दहापैकी आठ ठिकाणी साधं 'सेड' पुरतं; त्याला गुण कापू नका.

भूम, परंडा, कळंब, वाशी, लोहारा, उमरगा, तुळजापूर, धाराशिव, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या शिक्षकांनी आपापल्या वर्गात ऐकू येणारे बोलण्याच्या तऱ्हांचे शब्द, ते कोण, कुणाला आणि कधी म्हणतं यासह, लिहून पाठवावेत. नुसती यादी नको. आलेले शब्द जवळच्या इंग्रजी क्रियापदांसह पुढच्या अंकात छापू.