किती आले, कोण आले



आपल्यातले काही जण आता स्वतःची छोटी वेबसाइट चालवतात. कोणी रविवारच्या वाचनांवर मनन लिहितो, कोणी नोव्हेनाच्या प्रार्थना ठेवतो. आणि सकाळी उठल्यावर पहिले काम काय, तर काल किती जण येऊन गेले ते पाहणे. सकाळची प्रार्थना त्यानंतर! आकडा पाहण्यात पाप नाही. पण तो कसा तयार होतो, हे आधी समजून घ्यावे.

वेबसाइट ज्या सर्व्हरवर असते तो प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो: वेळ, पान, इंटरनेटचा पत्ता. तिथे माणूस आणि यंत्र सारखेच. गूगलचा बॉट फिरून गेला तरी नोंद होते. आपण व्हॉट्सॲपवर लिंक टाकतो तेव्हा तिच्यासोबत चित्र आणि शीर्षक दिसते; ते आणायलाही पान मागवले जाते, आणि अजून कोणी एक ओळही वाचलेली नसते. उलट, मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यामुळे निंबोल्यातले चार फोन एकच पाहुणा ठरू शकतात, आणि तोही इंदूरचा किंवा मुंबईचा म्हणून दिसू शकतो. शिवाय आपल्या घरांत एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. आजी कुठल्याच आकड्यात येत नाही.

१८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. प्रती किती छापल्या हे छापखान्याला ठाऊक असे. एक प्रत किती हातांतून फिरली हे कळायला मार्ग नव्हता. लिहिणाऱ्यांचे त्यावाचून अडले नाही.

दावीद राजाने लोकांची मोजणी करवली तेव्हा यवाबासारखा रांगडा सेनापतीसुद्धा नको म्हणाला होता (२ शमुवेल २४). पण शंभरातले एक मेंढरू हरवले हे मेंढपाळाला कळले, तेही मोजल्यामुळेच. कुठले पान कोणी उघडतच नाही, हे कळले तर उपयोग आहे. कदाचित फोटो इतके जड असतील की आपल्याकडच्या नेटवर्कवर पान उघडायच्या आधीच माणूस कंटाळतो. फोटो लहान करा. एवढ्यासाठी महिन्याकाठी एकदा पाहिले तरी पुरते.

माझा खरा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. २००५ पासून गूगल ॲनालिटिक्स फुकट मिळते. त्याची कुकी वाचकाच्या फोनवर बसते आणि तोच माणूस पुन्हा आला हे ओळखते. ही माहिती आपल्यापाशी राहत नाही, कंपनीकडे जाते. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रियाच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने एका वेबसाइटने असे करणे युरोपच्या कायद्याविरुद्ध ठरवले, कारण माहिती अमेरिकेत पोहोचत होती. आपल्या देशाच्या २०२३ च्या कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांचा माग काढायला मनाई आहे. आणि आपली पाने धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलेच जास्त उघडतात.

निकदेम येशूकडे रात्री आला. का, ते योहानाने सांगितलेले नाही, पण आपल्याला अंदाज करता येतो. आजही कोणी रात्री दोन वाजता, घरचे झोपल्यावर, प्रार्थनेचे पान उघडत असेल. तो कुठल्या धर्माचा, कुठल्या गावचा, किती वेळा आला, हे जाणून आपण काय करणार? किराणा दुकानाच्या वेबसाइटला गिऱ्हाईक ओळखण्याची गरज असेल. प्रार्थनेच्या पानावरची भेट माणसाच्या मनातले उघड करते, आणि ते तिसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, गर्दीत येशूनेही विचारलेच ना, मला कोणी शिवले म्हणून? विचारले. पण समोरासमोर विचारले, आणि ती बाई स्वतः पुढे येईपर्यंत थांबला.

म्हणून माझे मत असे: कुकी काढून टाकावी. माटोमोसारखे साधन स्वतःच्या सर्व्हरवर, कुकीशिवायही चालते. तेही जमत नसेल तर सर्व्हरची नुसती बेरीज पुरे. आणि पानाखाली एक फोन नंबर द्यावा. ज्याला बोलायचे असेल तो बोलेल.