कटिंग मशीनची दोन बटणं

हा अंक हाती घ्याल तेव्हा त्याच्या तिन्ही कडा एकसारख्या कापलेल्या दिसतील. ते काम छापखान्यातल्या कटिंग मशीनचं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच पातं खाली यावं, अशी त्यात सोय असते. हात पात्याखाली राहायला नकोत म्हणून. जुन्या यंत्रावर मात्र घाईच्या दिवसांत एका बटणावर चिकटपट्टी बसते. एक हात गठ्ठा सरकवायला मोकळा!

बोट गेलं की ठरलेलं उत्तर येतं : कामगाराचा निष्काळजीपणा. सुरक्षेच्या साधनांशी खेळायला कायद्याने कामगारालाही मनाई आहे, ते योग्यच. पण भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली तेव्हा यंत्र, प्रशिक्षण आणि देखरेख ही जबाबदारी मालकावर स्पष्ट शब्दांत टाकली गेली. धोक्याची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला तेव्हाच मिळाला. पट्टी त्याने लावली असेल. ती आठवडाभर तशीच राहिली याचा जाब मालकाने द्यायचा. आणि ‘उद्या सकाळी अंक हवाच’ म्हणून रात्री फोन करणाऱ्या संपादकानेही, असं आमचं मत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, शेवटच्या आठवड्यातल्या धावपळीची प्रथाही बहुधा तेव्हाचीच.

येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काय? कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेनुसार कारखाना, खाण, गोदी, बांधकाम अशा ठिकाणी आवारातल्या प्रत्येकाची सुरक्षा मालकाकडे, तो माणूस आत आहे हे त्याला ठाऊक असो वा नसो. मात्र विजेवर चालणारा कारखाना वीस कामगारांपासून मोजतात, आणि कितीतरी प्रेस त्याहून लहान असतात. हॉटेलं तर त्या यादीत नाहीतच. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या पबला आग लागली आणि चौदा जण गेले. बाहेरची वाट न सापडल्याने बरेच जण स्वच्छतागृहात गुदमरले. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावं, असं राज्याचा २००६ चा कायदा सांगतो. पण गिऱ्हाईक जेवायला येतं, ते प्रमाणपत्र तपासायला नव्हे.

आमच्या हाती आहे तेवढं करतो आहोत. प्रूफ पाहायला येणाऱ्या लेखकांनी कटिंग विभागात जाऊ नये. रात्रपाळी बंद. पुढच्या अंकासाठी मजकुराची शेवटची तारीख १५ जुलै. त्यानंतर आलेला मजकूर त्यापुढच्या दिवाळीसाठी समजला जाईल, लेखक कितीही मोठा असला तरी.