नेम स्वस्ताईवर नव्हे, अचूकतेवर

रायफल स्वस्त केली की गिऱ्हाईक धावत येते, हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीने १९५८ साली 'मॉडेल ११०' काढले, तेव्हा नळी नटाने आवळून बसविण्याची सोपी रीत वापरली. कारागिराचे तास वाचले, किंमत उतरली. पण नेम बिघडू दिला नाही. २००२ मध्ये याच कंपनीने बराच हलका करता येणारा चाप स्वस्त रायफलीलाही बसविला. काटकसर लाकडाच्या चकाकीत झाली, नळीत व चापात नाही. धंद्याचे मर्म येथेच आहे.

तिकडे शिकारी हा मोठा गिऱ्हाईक. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. जिवंत प्राण्याला निशाण बनवू नये, ही तर नबी करीम (स.) यांची शिकवण. तेव्हा आपला गिऱ्हाईक एकच, नेमबाज.

तो पुनावळ्याहून दूर नाही. महामार्गाने थोडे पुढे गेले की बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविल्यापासून मुलांचा ओढा वाढणे स्वाभाविक आहे. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! जर्मन एअर रायफल लाखांच्या घरात जाते. सामान्य घरातल्या मुलाने ती कोठून आणावी? अंबरनाथला खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनविणाऱ्या प्रिसिहोलच्या घराण्यातूनच देशी एअर रायफल बाजारात आली, ही गोष्ट आपल्या कारखानदारांनी ध्यानात घ्यावी.

भोसरी-चाकणच्या शेडमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे काम रोज करणारे आपले टर्नर, फिटर आहेत. शिकलगार आणि सुतारही आहेत. मात्र इशारा स्पष्ट द्यायला हवा. विनापरवाना बंदूक किंवा तिचा भाग बनविणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ०.१७७ इंची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल विकत घेण्यास २०१६ च्या नियमांनी परवान्यातून सूट असली, तरी ती बनविण्यापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. एका शेडमधली चूक साऱ्या बिरादरीच्या माथी मारली जाते.

म्हणून आरंभ छर्रे अडविणाऱ्या पेट्या, लक्ष्य पुढे-मागे नेणारी यंत्रे, स्टँड आणि नेमबाजीच्या पेट्यांपासून करावा. पक्के बिल द्यावे, दुरुस्तीला वेळेवर हजर राहावे. भाव पाडणारा दुसरा उद्या भेटेलच. माप न चुकविणारा कारागीर मात्र गिऱ्हाईक सहसा सोडत नाही.