कमरेतलं इंजेक्शन म्हणजे गुठळीपासून सुटका नव्हे

"कमरेतून भूल दिलीय, आता पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती नाही." गुडघा किंवा खुबा बदललेल्या रुग्णाला असं सांगून निर्धास्त करणं आता थांबवायला हवं.

हा समज अगदीच हवेतला नाही. या भुलीने पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तप्रवाह वाढतो. २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४१ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात अशा भुलीने खोल शिरांतल्या गुठळ्या ४४ टक्क्यांनी कमी दिसल्या. पण त्यातल्या कितीतरी चाचण्या जुन्या, गुठळीविरोधी औषधं सर्रास देण्याच्या आधीच्या. ही औषधं दिल्यावर तो फायदा तितक्या ठामपणे दिसत नाही.

आणि साधी गोष्ट बघा. भूल काही तासांत उतरते, गुठळीचा धोका मात्र कित्येक आठवडे राहतो. खुबा बदलल्यावर म्हणूनच औषध साधारण ३५ दिवसांपर्यंत देतात. आपल्याकडे मात्र घरी गेल्यावर तेच आधी सुटतं, महाग म्हणून किंवा 'आता बरं वाटतंय' म्हणून. वर घरचे प्रेमाने पलंगावरून उठू देत नाहीत! 'भारतीयांना गुठळ्या होत नाहीत' म्हणणारे डॉक्टरही भेटतात, ते वेगळंच.

भूल कोणती, हे जरूर विचारा. (रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो.) पण त्याच दमात हेही विचारा: चालवणार कधी? औषध किती दिवस? पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली, तर रात्री कुठे धावायचं?