रायफलच्या बॅरलमधले तांबे दारूच साफ करते का?

रायफलमधून गोळी सुटते तेव्हा तिच्या आवरणातले थोडे तांबे बॅरलच्या आतील खाचांना चिकटते. हा थर वाढला की नेम बिघडतो. मग ब्रश आणि अमोनियायुक्त द्रावण घेऊन घासत बसावे लागते. हे काम काडतुसातली दारूच करेल, असा काही कंपन्यांचा दावा आहे. तो कितपत खरा?

जुनीच युक्ती

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच तोफखान्याने दारूसोबत कथील आणि शिसे वापरले. कथील तांब्याला कसे धरते, हे कल्हई पाहिलेल्यांना सांगायला नको. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे १०८५ अंशांना. बार उडताना कथील तांब्यात मिसळते, थर ठिसूळ होतो आणि पुढची गोळी तो खरवडून नेते. शिसे विषारी असल्याने आता बिस्मथही वापरतात.

मग अडचण काय?

दावा पोकळ नाही. पण ‘थर कमी साचतो’ आणि ‘साचतच नाही’ यात फरक आहे. बॅरल आतून खडबडीत असेल तर तांबे साचणारच. शिवाय दारू बदलली की दाब आणि वेगही बदलतो. त्यामुळे केवळ सफाई वाचेल म्हणून दारू निवडणे चूक. स्वतः कथील मिसळण्याचा प्रयोग तर जिवावर बेतू शकतो.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, तिथे शिशाची गोळी असते. तिथे हा प्रश्नच येत नाही. बाकीच्यांनी मात्र ब्रश अडगळीत टाकू नये. अशी दारू सफाई लांबवते, टाळत नाही.