मखराआधी पॅनल

भाद्रपदात जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातून पाऊस पुरता हटलेला नसतो. ओल्या जमिनीत लोखंडी खांब रोवून मंडप उभा राहतो. आणि ऐनवेळी एका उघड्या फळीवर स्विच-फ्यूज ठोकून तिलाच ‘पॅनल’ म्हटले जाते. ही घाई भक्तीला शोभणारी नाही.

याच मुलखात बोहाड्याची सोंगे टेंभ्यांच्या उजेडात नाचत आली. टेंभ्याची ज्वाला दिसे, म्हणून माणूस जपून वागे. वीज दिसत नाही. म्हणूनच तिच्यासाठी कायदा झाला. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांपर्यंत एक दंडक कायम आहे : वीजजोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे.

सोळा अँपिअरचा एमसीबी तारांना आगीपासून वाचवितो. माणसाचा प्राण घेण्यास मात्र त्याच्या शतांशाएवढा प्रवाहही पुरेसा होतो. म्हणून पक्के आर्थिंग हवे आणि गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही हवे.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. रोषणाईच्या चार माळा कमी कराव्यात. विघ्नहर्ता त्याने रुष्ट होणार नाही. आरतीच्या वेळी मंडपाच्या ओल्या खांबाला टेकून उभे राहणारे लेकरू हेही त्याचेच रूप. त्याच्या रक्षणाची सिद्धता आधी, मखर नंतर.